बोरखिंडीचा परमगुप्त पूल

साताऱ्यातल्या एका शांत गल्लीत ‘मधमाशीपालन मार्गदर्शन केंद्र’ अशी पाटी असलेलं एक सरकारी कार्यालय आहे. या कार्यालयाचा मधमाश्यांशी काहीही संबंध नाही. ते सूक्ष्मवार्ता संचालनालयाचं सातारा उपकेंद्र आहे. कुठे काय शिजतंय याची खबर गुपचूप काढायची आणि वर पाठवायची, हे त्याचं काम. लोकांना पत्ता लागू नये म्हणून खोटी पाटी लावली. झालं असं, की जावळीतून, कोरेगावातून शेतकरी मधपेट्यांची चौकशी करायला येऊ लागले. त्यांना हाकलावं तर गुपित फुटणार. मग कर्मचाऱ्यांनी पुस्तकं मागवून मधमाश्यांचा अभ्यास केला. उपकेंद्राच्या हातून आजवर जे काही लोकोपयोगी काम झालं असेल, ते मधाचंच. कोपऱ्यावरची भाजीवाली मंगल मात्र नवख्यांना पत्ता सांगताना म्हणायची, “त्ये गुप्त पोलिसांचं हापिस हाय न्हवं, तितं मधाच्या पेट्या मिळत्यात.”

या उपकेंद्रात विष्णुपंत आगाशे वार्ता अधिकारी होते. मूळचे वाईचे, निवृत्तीला आलेले, आणि नियम म्हटला की नियम. समोरचा रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागेपर्यंत ते स्कूटर थांबवून उभे राहत आणि मागच्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेत. नोकरीतली गोष्ट घरी सांगायची नाही हा नियम त्यांनी इतका पाळला होता, की पत्नी उमाताईंना नवऱ्याच्या कामाबद्दल जे काही कळे ते मंगलकडून, भाजी घेता घेता.

त्यांची मुलगी स्वानंदी कराडला इंजिनिअरिंगला होती. तिथे तिचं वीरधवल शेवाळेशी जमलं. वीरधवल शिराळ्याजवळच्या बोरखिंडीचा. घरचा ऊस, वडील नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले. दोन्ही घरांनी अशा वेळी जेवढा विरोध करायची रीत आहे तेवढा केला आणि मग होकार दिला. थंडी सरता सरता विष्णुपंत आणि उमाताई लग्नाच्या बोलणीसाठी बोरखिंडीला गेले. बोलणी गोडीत झाली. वीरधवलची आजी मनुबाई हिने स्वानंदीच्या आईला जवळ बसवून घेतलं आणि पोरगी भाकरी थापते का एवढंच विचारलं. उमाताई म्हणाल्या, “नाही.” मनुबाई म्हणाली, “आता कुणालाच येत न्हाई बाई. माझ्या सुनंला बी न्हाई.” सून दारातच उभी होती.

परत येताना गावाबाहेरच्या ओढ्यापाशी विष्णुपंतांच्या जुन्या गाडीचं इंजिन तापलं. बाटलीत पाणी भरून आणावं म्हणून ते पुलाखाली उतरले. तिथे त्यांना पुलाचा मधला खांब दिसला. खरं म्हणजे त्यांना म्हैस दिसली. खांबाचा पाया वाहून गेला होता आणि त्या पोकळीत एक म्हैस घरात बसल्यासारखी बसून रवंथ करत होती. खांबाने पूल धरलेला नव्हता. पुलानेच खांब धरून ठेवला होता.

विष्णुपंत वर आले. उमाताईंना म्हणाले, “तू जरा चालत हो पुढे. पाय मोकळे होतील.” त्या पलीकडे पोचल्यावर त्यांनी रिकामी गाडी श्वास रोखून पुलावरून काढली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि उमाताईंनी विचारलं नाही. संसार असाच चालला होता.

उपकेंद्रात प्रत्येक वार्ता अधिकाऱ्याने दर आठवड्याला एक तरी वार्ता द्यायची असा दंडक होता. वार्ता मिळत नसत, म्हणून ‘अमुक तालुक्यात असंतोष आढळला नाही’ अशी वाक्यं तालुका बदलून लिहिली जात. या खेपेला विष्णुपंतांनी पुलाचं लिहिलं. उपसंचालक अनीश वर्तक हे तरुण अधिकारी होते, दिल्लीहून प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांनी तो अहवाल दोनदा वाचला.

“आगाशे, ही तर खरी बातमी आहे.”

“हो सर. मी स्वतः पाहिलंय.”

“स्वतः पाहिलंत,” वर्तक विचारात पडले. “असं आपल्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं.”

त्यांनी अहवालावर ‘गोपनीय’ शिक्का मारला. लोकांना कळलं तर लोक घाबरतील, असं त्यांचं म्हणणं. अहवाल पुण्याच्या मुख्यालयात गेला. खात्यात चार श्रेणी आहेत: गोपनीय, गुप्त, अतिगुप्त आणि परमगुप्त. ज्याच्या टेबलावर जितका वरच्या श्रेणीचा कागद, तितका तो माणूस मोठा, असं मानण्याची पद्धत आहे. पुण्याच्या सहायकांनी साताऱ्याच्याच श्रेणीवर सही केली असती तर त्यांच्यात आणि साताऱ्यात फरक तो काय राहिला? त्यांनी तो ‘गुप्त’ केला. सहसंचालकांनी ‘अतिगुप्त’ केला. शेवटी संचालक कारखानीस साहेबांसमोर कागद आला तेव्हा वरची एकच श्रेणी उरली होती, ती त्यांनी दिली. परमगुप्त कागद वाचण्याचा अधिकार संपूर्ण विभागात एकट्या कारखानीस साहेबांना होता. परंतु परमगुप्त कागद ताबडतोब मोहोरबंद करून तिजोरीत टाकायचा असाही नियम होता. साहेबांनी तो पाळला. त्यामुळे ज्यांना वाचायचा अधिकार होता त्यांनी तो वाचला नाही, आणि ज्यांनी वाचला होता त्यांचा अधिकार संपला.

वर्तकांनी विष्णुपंतांना बोलावून घेतलं आणि दार लावलं.

“आगाशे, तुम्हाला गुप्तपर्यंत अधिकार आहे. बरोबर?”

“हो सर.”

“तो विषय आता परमगुप्त झालाय.”

“कोणता विषय? पुलाचा?”

“मला अतिगुप्तपर्यंतच अधिकार आहे,” वर्तक म्हणाले. “तेव्हा तुम्ही आत्ता जो शब्द उच्चारलात तो मी ऐकलेला नाही.”

“पण सर, अहवाल मीच लिहिलाय.”

“लिहिलात तेव्हा अधिकार होता. आता नाही. जे आहे ते जमा करा.”

“प्रत जमा केली सर, कालच.”

“प्रत नाही म्हणत मी. माहिती जमा करा. तुमच्याकडे अजून ती आहे असं मला वाटतं.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. विष्णुपंतांना हे म्हणणं पटलं. ते त्या दिवसापासून प्रामाणिकपणे विसरण्याच्या मागे लागले. खांब विसरावा तर म्हैस आठवे. म्हैस विसरावी तर ती कशात बसली होती हे आठवे. ते दुप्पट वेळ प्राणायाम करू लागले. उमाताईंना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून मन रमवतायत.

इकडे खात्यात कामाला वेग आला. पूल दुरुस्त करावा, हे बांधकाम खात्याला सांगणं शक्य नव्हतं. त्या खात्यातल्या कुणालाच परमगुप्तचा अधिकार नाही. इंजिनिअरला काय दुरुस्त करायचं ते न सांगता दुरुस्त करायला सांगावं, असा एक प्रस्ताव आला. इंजिनिअर म्हणाला, आमच्याकडे असंच चालतं, पण निविदेत काहीतरी लिहावं लागतं. तिथे तो प्रस्ताव थांबला.

तेवढ्यात बोरखिंडीच्या पोरांनी पुलाच्या तोंडाशी एक फळी ठोकली. त्यावर चुन्याने लिहिलं होतं: ‘पूल कच्चा हाय. जड गाड्या वळशानं न्या.’ ही बातमी पुण्याला पोचली आणि संचालनालय हादरलं. परमगुप्त माहिती चुन्याने लिहून रस्त्यावर टांगलेली, आणि तीही परमगुप्त श्रेणीची कसलीही खूण न करता. फळी काढून नेण्यात आली. तिच्या जागी ‘सुस्वागतम्’ अशी रंगीत कमान उभी राहिली. पुलावर काही संशयास्पद नाही हे दिसावं म्हणून कठड्यांना पिवळा रंग दिला गेला, आणि आजूबाजूच्या खडीच्या डंपरांनी हाच रस्ता वापरावा असं तोंडी कळवण्यात आलं. वाहतूक जितकी जड तितकी परिस्थिती सामान्य, असं त्यामागचं तत्त्व होतं.

विष्णुपंतांना हे सगळं कळत होतं, पण कळत असल्याचं दाखवायचं नव्हतं. ते मधाच्या पेट्यांची माहिती देत बसत. एकदा त्यांनी एका शेतकऱ्याला राणीमाशीबद्दल सांगता सांगता, “पाया भक्कम असल्याशिवाय त्याच्यावर काही ठेवू नका,” असं सांगितलं. शेतकऱ्याने ते लिहून घेतलं.

मग लग्नाची तारीख जवळ आली, आणि एका सकाळी दाढी करताना विष्णुपंतांच्या हातातला ब्रश थांबला. लग्न साताऱ्यातल्या मंगलकार्यालयात. वऱ्हाड बोरखिंडीहून. बसने. अख्खं गाव भरून. पुलावरून.

दाढी अर्धवट सोडून त्यांनी नाथाजींना फोन लावला.

“सुभेदारसाहेब, वऱ्हाड कुठल्या रस्त्याने आणणार?”

“रस्त्यानंच आणनार की वो पाव्हणं,” नाथाजी म्हणाले.

“डोंगराच्या अंगाने एक वळसा आहे म्हणे. तिकडून आणा. फार सुंदर देखावा आहे.”

“आमी जल्मल्यापासनं बघतोय तो डोंगर. तुमी का इचारताय?”

विष्णुपंतांना खोटं बोलायची सवय नव्हती. नोकरीत ती लागली नाही कारण नोकरीत बोलायचंच नसे. “पत्रिकेत आलंय,” ते म्हणाले. “वऱ्हाड उजवीकडून आलं पाहिजे.”

“तुमी तर पत्रिका बघायला नगं म्हनालावता,” नाथाजी म्हणाले. “बरं. बघतो.” आणि फोन ठेवला.

त्या ‘बघतो’ने विष्णुपंतांची झोप उडाली. नाथाजी वळशाने येणार की नाही येणार? ‘बघतो’ हा शब्द त्यांनी स्वतः आयुष्यभर कार्यालयात वापरला होता, आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

शिवाय ब्रश हातात धरून बोललेलं ते संभाषण उमाताईंनी ऐकलं होतं. “तुम्ही आणि पत्रिका?” त्या म्हणाल्या. “माझ्याशी लग्न करताना माझी पत्रिका तुम्ही चहाच्या कपाखाली ठेवली होती.”

“आहे काहीतरी,” विष्णुपंत म्हणाले.

“काय?”

“सांगता येत नाही.”

उमाताईंनी पोळपाट बाजूला सारला. “हे बघा. इतकी वर्षं तुम्ही सांगता येत नाही म्हणालात, मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं, तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आज पहिल्यांदा तुमच्या तोंडावर काहीतरी आहे.” त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. “कुणी बाई आहे का?”

“म्हैस आहे,” विष्णुपंतांच्या तोंडून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली. उमाताईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी त्या मंगलकडे भाजी आणायला गेल्या आणि बऱ्याच वेळाने परतल्या.

विष्णुपंतांचा तो फोन त्यांच्याच कार्यालयाने चोरून ऐकला होता. वर्तकांनी विष्णुपंतांना परत दाराआड घेतलं.

“तुम्ही एका समूहाला एका विशिष्ट जागेपासून दूर राहायला सांगितलंत.”

“सर, ती जागा मी उच्चारलीसुद्धा नाही.”

“तेच तर. उच्चारली असती तर नुसता उच्चार झाला असता. उच्चारली नाही म्हणजे तुम्हाला तिचं महत्त्व ठाऊक आहे. आणि तुम्हाला ठाऊक असण्याचा अधिकार नाही. शिवाय ती फळी लावली ते गाव तुमच्या व्याह्यांचं.” वर्तकांचा आवाज मऊ झाला. “आगाशे, मला वाईट वाटतं. पण पुण्याहून आदेश आहे, तुमच्यावर पाळत ठेवायची.”

“ठेवा सर,” विष्णुपंत म्हणाले. “कोण ठेवणार?”

वर्तक खिडकीबाहेर पाहू लागले. उपकेंद्रात पाळत ठेवण्याचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी दोन होते. त्यातल्या एक बाळंतपणाच्या रजेवर होत्या.

“तुम्हीच,” वर्तक म्हणाले.

विष्णुपंतांनी आयुष्यात कधी काम टाळलं नव्हतं. त्यांनी स्वतःवर उत्तम पाळत ठेवली. ‘संशयित सकाळी दूध आणायला गेला. वाटेत कुणाशी बोलला नाही. संशयित अस्वस्थ दिसतो. संशयिताने दुपारी पोळी अर्धी टाकली.’ असे अहवाल रोज संध्याकाळी ते वर्तकांना देत. वर्तकांनी त्यांची पाठ थोपटली. इतकं जवळून कुणी कुणावर नजर ठेवलेली त्यांनी पाहिली नव्हती. प्रवासभत्ता संशयिताचा लावावा की पाळतदाराचा, यावर लेखा शाखेने शेरा मारला तेवढाच. नंतर ते अहवालही अतिगुप्त झाले आणि विष्णुपंतांना आपण काल काय केलं हे वाचायची बंदी झाली.

लग्न उद्यावर आलं. मांडवात स्वानंदीच्या हातावर मेंदी चढत होती. तिने वडलांना हाक मारली आणि म्हणाली, “बाबा, वीरधवलची आजी नव्वदीला आलीय, तरी बसमध्ये पुढच्या सीटवर बसून येणार म्हणतेय. पोरांच्या आधी ती बसमध्ये चढून बसेल बघा.”

विष्णुपंत हो म्हणाले आणि बिल्डिंगच्या मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. पुढच्या सीटवर मनुबाई. मागे सगळं गाव, नटूनथटून. आणि ते सगळं वाचवायला पुरेल एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडात. अख्ख्या आयुष्यात त्यांनी एकही नियम मोडला नव्हता, आणि ती गोष्ट आज पहिल्यांदा त्यांना अभिमानाची वाटली नाही. त्यांनी ठरवलं. पहाटे उठायचं, पुलावर जायचं आणि बसच्या पुढ्यात उभं राहून मोठ्याने सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

एवढं ठरवून त्यांना हलकं वाटलं. आणि मग, सवयीचे गुलाम, त्यांनी त्या दिवसाचा अहवालही पूर्ण करून पाठवला: ‘संशयित उद्या सकाळी पुलावर जाऊन परमगुप्त माहिती फोडणार आहे.’

सकाळी उन्हं वर आली तेव्हा विष्णुपंत ‘सुस्वागतम्’ कमानीखाली उभे होते. अंगात रेशमी सदरा, डोक्यावर वधुपित्याचा फेटा. ओढ्यात उन्हाळ्यामुळे गुडघाभर पाणी होतं. म्हैस खांबात नव्हती. ती काठावर येऊन बसली होती, आणि विष्णुपंतांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही.

बोरखिंडीच्या बाजूने बस येईना. उलट महामार्गाच्या बाजूने, त्यांच्या पाठीमागून, एक भलीमोठी सरकारी गाडी आली. मागच्या सीटवर संचालक कारखानीस साहेब आणि शेजारी वर्तक. पुण्याहून मध्यरात्री निघून साहेब जातीने आले होते. माहिती फुटताना रंगेहाथ पकडायची संधी खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच आली होती, तीही गुन्हेगाराने स्वतः कळवलेली.

“आगाशे तुम्हीच?” साहेबांनी काच खाली केली. “बाजूला व्हा. मला पलीकडे गावात जायचंय. ती फळी कुणी लावली त्याची चौकशी करायची आहे.”

“साहेब, पुढे जाऊ नका.”

“का?”

विष्णुपंतांनी फेटा सारखा केला. “सांगायचा मला अधिकार नाही.”

“पण ऐकायचा मला आहे.”

“हो साहेब. पण मला माहीत नसलेलं मी तुम्हाला कसं सांगू? तुमच्या तिजोरीत आहे ते.”

साहेबांनी वर्तकांकडे पाहिलं. वर्तकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

आणि मग विष्णुपंत बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ, मराठीत. “साहेब, या पुलाचा मधला खांब खालून पोकळ आहे. गाडी घातली तर पूल पडेल.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “वर्तक, तुम्ही साक्षीदार आहात. यांनी परमगुप्त माहिती फोडली.”

“मी काही ऐकलं नाही सर,” वर्तक म्हणाले. “मला अधिकार नाही.”

“ही माहिती खोटी आहे,” साहेब म्हणाले. “खोटी ठरवणं आपलं कर्तव्य आहे. सिद्धू, गाडी घे पुढे.”

सिद्धू हा चालक मूळचा कराडचा. त्याने इंजिन बंद केलं, चप्पल घातली आणि खाली उतरला. “सायेब,” तो म्हणाला, “माझी बायको हाय, पोरं हायती. तुमी चालवा, मी मागनं चालत येतो.” मग काय वाटलं कोण जाणे, वर्तकही उतरले. त्यांनी चक्कर आल्याचं सांगितलं.

साहेब स्वतः चालवायला बसले. गाडी ऐटीत पुलावर चढली. मध्यावर आली. साहेबांनी विजयाने मान बाहेर काढली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा पूल, दमलेला बैल खाली बसतो तसा, आधी पुढच्या पायांवर आणि मग मागच्यांवर, अगदी सावकाश बसला. गाडी पाण्यात गेली, चाकांवर उभीच्या उभी. साहेब खिडकीतून बाहेर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते, बाकी धक्का नव्हता. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: “मी इथे आलेलो नाही.”

विष्णुपंतांनी फेटा सोडला, एक टोक वर्तकांना धरायला दिलं आणि दुसऱ्याने साहेबांना वर ओढलं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. उमाताई होत्या.

“अहो, कुठे आहात? वऱ्हाड येऊन चहासुद्धा झाला. मनुबाई विचारतायत, नवरीचा बाप पळून गेला का.”

“वऱ्हाड आलं?” विष्णुपंतांनी विचारलं. “कुठून?”

“कुठून म्हणजे? वळशाने. त्या पुलावरून कोण येईल? त्याचा खांब पोकळ आहे, मंगलची बहीण दिलीय ना त्या गावात. तुम्ही या लवकर.”

विष्णुपंतांच्या जुन्या गाडीत सगळे बसले आणि साताऱ्याला आले. साहेबांची ओळख ‘पुण्याचे मधमाशीतज्ज्ञ’ अशी करून देण्यात आली, कारण तेवढंच अधिकृत होतं. नाथाजींचं धोतर नेसून ते पंगतीत बसले. मनुबाईने त्यांना बाजूला बसवून घेतलं आणि घरामागच्या आंब्यावरच्या आग्यामोहोळाचं काय करावं ते विचारलं. साहेबांना काही येईना. विष्णुपंतांनी ताटावरून उठून सगळं समजावून सांगितलं. म्हातारी म्हणाली, “ह्यो मानूस मोठा सायेब दिसतोय. आन् माझ्या नाथाजीचं धोतर नेसल्याला ह्यो कोन?”

लग्न सुंदर झालं. स्वानंदी हसत होती, आणि सासरी निघताना रडली तेसुद्धा हसत हसतच.

चौकशी यथावकाश झाली. समितीचा निष्कर्ष असा, की माहिती गुप्त होती तोवर पूल उभा होता आणि माहिती फुटताच पूल पडला. त्यामुळे जबाबदारी माहिती फोडणाऱ्याची. विष्णुपंतांना निवृत्तीआधीच घरी पाठवण्यात आलं. पूल पडल्याची बातमी परमगुप्त ठेवली गेली, म्हणून नोंदीत तो उभाच आहे, आणि उभा असलेला पूल नव्याने बांधता येत नाही.

दिवाळीला विष्णुपंत मुलीकडे बोरखिंडीला गेले. संध्याकाळी ते आणि नाथाजी ओढ्यापर्यंत चालत गेले. विष्णुपंतांच्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता.

“सुभेदारसाहेब, तुम्हाला सगळ्यांना खांबाचं माहीत होतं. मग माझा फोन आला तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी सरकारी मानूस,” नाथाजी म्हणाले. “फळी लावली तर सरकारनं काढून नेली. आमी म्हटलं, सरकारला म्हाईत न्हाई तर न्हाईच म्हाईत होऊ द्या. आपली माणसं वळशानं जात्यात. झालं.”

“आणि ते डंपर? ते परगावचे होते. ते महिनोन् महिने वरून जात होते. गावची पोरं सायकली घेऊन काठावरून बघत उभी असायची, तुम्हीच म्हणालात. त्या डंपरवाल्यांना कुणी सांगितलं का?”

नाथाजींनी ओढ्यात एक खडा टाकला. फौजेतला माणूस, खोटं बोलला नाही. “न्हाई,” ते म्हणाले. “आपलं कोन हुतं त्येच्यात.”

विष्णुपंतांना आपली गल्ली आठवली. साताऱ्याला त्यांच्या बिल्डिंगसमोर विजेचा एक खांब आहे, वर्षभर कललेला. बिल्डिंगमधले सगळे रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालतात. वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, तरुण जोडपं, तान्हं मूल. ते रोज बाबागाडी घेऊन त्या खांबाखालून जातात. बिल्डिंगमधल्या कुणीही त्यांना काही सांगितलेलं नाही. विष्णुपंतांनीही नाही. त्यासाठी कुणी शिक्का मारला नव्हता, कुठली श्रेणी दिली नव्हती, पुण्याहून आदेश आला नव्हता.

परत येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल ते सांगायला नको. जिना चढून वर गेले, बेल वाजवली आणि सांगितलं. भाडेकरू घाबरला नाही, उलट त्याने आभार मानले. मग त्याने एवढंच विचारलं, “काका, हे सगळ्यांना माहीत होतं?”

तुमच्याही गल्लीत असं काहीतरी असेल. असेलच. तुम्ही त्याच्या अलीकडच्या कडेने चालता की पलीकडच्या, हे विचारायचा अधिकार आम्हाला नाही.